वऱ्हाडांतील दोन ध्वज : १९३६ च्या करारांतील एका कलमाचें परीक्षण

(१)

वऱ्हाड प्रांताच्या अर्वाचीन इतिहासाचीं साधनें चाळूं लागलें म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. १८५३ पासून ज्या प्रदेशाचा सारा, न्याय व पोलीस हीं सर्व खातीं इंग्रजांच्या हातीं होतीं, त्याच प्रदेशांत १९३६ सालच्या करारानें इंग्रजी निशाणाबरोबर हैदराबादच्या निजामाचें निशाणही लावण्याचा हक्क मान्य करण्यांत आला. बुलढाणा जिल्हा हा या प्रदेशाचाच भाग होय. दोन ध्वज एकत्र लावावयाचे तर कोणता उजवीकडे असावा, कोणता आधीं चढवावा व कोणता मागाहून उतरवावा, एवढाच या कलमाचा आवांका प्रथमदर्शनीं वाटतो. आणि म्हणूनच बहुतेक लेखक त्याचा एका वाक्यांत उल्लेख करून पुढें जातात. परंतु या दिसण्यांत शिष्टाचाराच्या कलमावर जिल्ह्याच्या इतिहासांतील एका मोठ्या प्रश्नाचा निर्णय अवलंबून आहे. वऱ्हाडावरील निजामाचें स्वामित्व खरें होतें कीं केवळ नांवाचें, आणि तें केव्हां व कसें संपलें, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचीं दोन उत्तरें प्रचारांत आहेत. एक पक्ष म्हणतो कीं, कचेरीवर निजामाचें निशाण लागत होतें त्या अर्थीं बुलढाणा जिल्हा निजामाच्या राज्यांतच होता, आणि म्हणून त्याची खरी मुक्तता १५ ऑगस्ट १९४७ रोजीं नव्हे, तर हैदराबाद शरण आलें त्या १७ सप्टेंबर १९४८ रोजीं झाली. दुसरा पक्ष म्हणतो कीं, १८५३ नंतर निजामाचा वऱ्हाडाशीं कांहींएक संबंध उरला नव्हता. तें निशाण म्हणजे निव्वळ देखावा. आमच्या मतें दोन्ही पक्ष ध्वज हें एक साधन चुकीच्या रीतीनें वाचतात. पहिला पक्ष निशाणांत अंमल पाहतो, दुसऱ्या पक्षास निशाणांत कांहींच दिसत नाहीं. शेजारीं शेजारीं लावलेले दोन ध्वज अंमलाचा पुरावा देत नाहींत, तर मानाविषयीं झालेल्या तडजोडीचा पुरावा देतात, हें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

(२)

ज्या स्वामित्वाची खूण म्हणून हें दुसरें निशाण मागितलें गेलें, त्याचा उगम शोधूं गेल्यास तो बुलढाणा जिल्ह्यांतच सांपडतो. सिंदखेडराजा तालुक्यांतील साखरखेर्डा येथें १७२४ सालीं निजामुल्मुल्क व मुबारिजखान यांची लढाई झाली. मुबारिजखान रणांत पडला व दक्षिणेचा सुभा निजामाच्या हातीं कायमचा आला. विजयाची खूण म्हणून गांवास फत्तेखेर्डा हें नांव देण्यांत आलें. असफजाही राज्याचा आरंभ या लढाईपासून धरण्याचा प्रघात आहे तो याचमुळें.

परंतु या विजयानंतर निजामानें दिल्लीचें स्वामित्व झुगारून दिलें नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १७२५ सालीं बादशहा महंमदशहानें त्यास असफजाह हा किताब दिला व त्यानें तो आदरानें घेतला. खुतबा बादशहाच्या नांवानें, शिक्का बादशहाच्या नांवाचा. फौज व वसूल मात्र स्वतःचा, असा हा कारभार होता. हैदराबादच्या नाण्यांवरील दिल्लीपतीचें नांव १८५७ च्या धामधुमीनंतरच नाहींसें झालें. म्हणजे राज्य करणाराचें नांव एक व शिक्क्यावरील नांव दुसरें, ही स्थिति असफजाही राज्यास जन्मापासून परिचयाची होती. तेव्हां कोणी केवळ नाण्यावरून १८४० सालीं हैदराबादेवर मोंगलांचा अंमल होता असें लिहील, तर आपण त्यास हंसूं. आणि त्याच न्यायानें केवळ निशाणावरून १९४० सालीं बुलढाण्यावर निजामाचा अंमल होता असेंही म्हणतां येणार नाहीं.

पुढें नागपूरकर भोसल्यांनीं वऱ्हाडांत पाय रोवले तेव्हां दोअमली सुरू झाली. एकाच मुलुखांत दोन सरकारांचे वसूलदार फिरत, रयतेस दोघांचें देणें द्यावें लागे, आणि मुलुखाचें स्वामित्व मात्र नांवानें निजामाचें राही. १८०३ सालीं आडगांवच्या लढाईनंतर डिसेंबरांत देवगांवचा तह झाला, भोसल्यांनीं वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला व तो इंग्रजांच्या संमतीनें निजामाकडे गेला. दोअमली संपली, परंतु नांव एकाचें व काम दुसऱ्याचें ही जी रीत या भूमीस लागली होती, ती संपली नाहीं. पन्नास वर्षांनीं ती नव्या रूपानें परत आली.

मानचिन्ह व सत्ता यांतील हा भेद मराठी राज्यांतही स्पष्ट होता. भगवा झेंडा व जरीपटका हीं दोन्ही निशाणें एकाच राज्याचीं. तथापि जरीपटका ज्याच्या स्वाधीन होई त्याच्याकडे त्या मोहिमेचें मुख्यत्व आहे एवढाच त्याचा अर्थ होता, तो स्वतंत्र राजा आहे असा नव्हे. मोंगली दरबारांतून मिळालेला माही-मरातब पुढें चालविणारा सरदारही बादशहा होत नसे. मान कोणी दिला, कोणास दिला व कशाच्या बदल्यांत दिला, हें पाहिल्याशिवाय मानचिन्हाचा अर्थ लावूं नये, हा नियम आपल्या जुन्या लोकांस पुरता ठाऊक होता.

(३)

आतां १९३६ च्या करारापर्यंतची परंपरा थोडक्यांत पाहूं. २१ मे १८५३ च्या तहानें हैदराबादच्या कंटिंजंट फौजेचा खर्च व तुंबलेलें कर्ज यांच्या हमीसाठीं वऱ्हाड व दुसरे कांहीं जिल्हे निजामानें कंपनीच्या हवालीं केले. १८६० च्या तहानें धाराशिव व रायचूर दुआब परत मिळाले, सुमारें पन्नास लक्षांचें कर्ज माफ झालें. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिलें. सर सालारजंगानें १८७० नंतरच्या दशकांत तें परत मिळविण्याची पराकाष्ठा केली. तिला यश आलें नाहीं. १९०२ च्या नोव्हेंबरांत लॉर्ड कर्झन याच्या कारकीर्दींत नवा करार झाला. त्यांत निजामाचें स्वामित्व पुन्हा मान्य करून वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे ठेवण्यांत आलें व त्याबद्दल सालीना पंचवीस लक्ष रुपये देण्याचें ठरलें. १ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताच्या कारभारास जोडला गेला.

मीर उस्मान अली खान यानें १९२३ सालीं व्हाइसरॉयास पत्र लिहून वऱ्हाड परत मागितलें. लॉर्ड रीडिंग याचें मार्च १९२६ चें उत्तर प्रसिद्धच आहे. त्यानें मागणी तर नाकारलीच, शिवाय इंग्रजी राजसत्ता हिंदुस्थानांत सर्वश्रेष्ठ असून कोणाही संस्थानिकास तिच्याशीं बरोबरीच्या नात्यानें वाद घालतां येणार नाहीं, असेंही बजावलें. हें उत्तर आणि १९३६ चा करार हे दोन कागद शेजारीं ठेवून वाचले पाहिजेत. ज्यास १९२६ सालीं बरोबरी नाकारली, त्याचें निशाण दहा वर्षांनीं इंग्रजी निशाणाच्या बरोबरीनें लावण्याचें मान्य झालें. या दहा वर्षांत असें काय घडलें ?

घडलें तें असें कीं, हिंदुस्थानची राज्यघटना बदलली. १९३५ च्या कायद्यानें मध्यप्रांत व वऱ्हाड मिळून एकच गव्हर्नरचा प्रांत करण्यांत आला आणि संघराज्याची योजना पुढें आली. वऱ्हाड या नव्या प्रांतांत घालावयाचें तर निजामाची संमति हवी होती, आणि संघराज्यांत हैदराबादसारखें मोठें संस्थान यावें अशीही इंग्रजांची इच्छा होती. ऑक्टोबर १९३६ मधील करार हा या गरजेंतून निघाला.

(४)

या करारानें निजामास काय मिळालें ? ‘हैदराबाद व वऱ्हाड’ असा उल्लेख त्याच्या पदवींत आला; युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला; वऱ्हाडांत दरबार भरविण्याचा, तेथील रहिवाशांस हैदराबादचे किताब देण्याचा, मशिदींत त्याच्या नांवानें खुतबा वाचला जाण्याचा, प्रांत सरकारजवळ आपला वकील ठेवण्याचा आणि इंग्रजी निशाणाबरोबर आपलें निशाण लावलें जाण्याचा हक्क मान्य झाला. सालीना पंचवीस लक्षांची रक्कम पूर्ववत् चालू राहिली.

आतां या यादींत काय नाहीं तें पाहावें. सारा ठरविण्याचा अधिकार नाहीं. कायदा करण्याचा नाहीं. न्यायाधीश, तहसीलदार, फौजदार नेमण्याचा नाहीं. त्याच १९३६ सालीं नागपुरास हायकोर्ट स्थापन झालें व वऱ्हाडचीं अपिलें तेथें चालूं लागलीं. हैदराबादच्या न्यायालयाशीं त्यांचा संबंध नव्हता. मेहकर किंवा चिखली तालुक्यांतील कुळाचा खटला १९२८ च्या वऱ्हाड लँड रेव्हेन्यू कोडाप्रमाणें चाले, हैदराबादच्या कायद्याप्रमाणें नव्हे. यादींतील खुतबा, किताब, दरबार व निशाण हीं चारही मानाचीं कलमें आहेत. खुतबा व निशाण हीं एकाच ओळींत बसविलीं आहेत यांतच कलमाच्या अर्थाची किल्ली आहे. खुतब्यांतलें नांव व कारभारांतला हात हे वेगळे असूं शकतात, हें साखरखेर्ड्याच्या विजेत्यानें स्वतःच्या राज्यांत दाखवून दिलें होतें. दोनशें बारा वर्षांनीं त्याच्या वंशजाच्या वांट्यास दिल्लीच्या बादशहाची ती जागा आली. कारभार करणारा मात्र आतां दुसरा होता.

एवढ्यावरून दुसऱ्या पक्षाचें म्हणणें, कीं तें स्वामित्व निव्वळ देखावा होतें, सिद्ध होतें काय ? होत नाहीं. कारण १९३५ च्या कायद्यापूर्वीं वऱ्हाड हें कायद्याच्या दृष्टीनें ब्रिटिश हिंदुस्थानाचा भागच नव्हतें. तेथें इंग्रज सरकार परराज्यांतील अधिकार या नात्यानें कारभार करी, आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा तेथें लागू करावयाचा तर त्यासाठीं स्वतंत्र जाहीरनामा काढावा लागे. माँटफर्ड सुधारणांनंतर मध्यप्रांताच्या कायदेकौन्सिलांत वऱ्हाडचे सभासद मतदारांनीं निवडून दिले तरी त्यांस रीतसर नेमणुकीनेंच आंत यावें लागे. कारण ब्रिटिश हद्दीबाहेरील मतदारसंघ कौन्सिलास निवडणूक करूं शकत नव्हता. जें नांव असें पदोपदीं आडवें येतें, त्यास देखावा कसें म्हणावें ? नांवास कायद्यांत वजन होतें म्हणूनच तें विकत घ्यावें लागलें. आणि पंचवीस लक्ष रुपये व मानाचीं कलमें ही त्याची किंमत होती.

येथें एका गोष्टीकडे वाचकांचें लक्ष विशेष वेधावेसें वाटतें. १९३५ च्या कायद्यानें त्या कायद्यापुरता ब्रिटिश हिंदुस्थान या शब्दांत वऱ्हाडचाही समावेश केला. म्हणजे आजवर निजामाचें स्वामित्व ज्या ठिकाणीं प्रत्यक्ष कामास येत होतें, तें कायद्यांतील वेगळेपण पुसण्यांत आलें. आणि नेमक्या त्याच सुमारास निशाणाचें वेगळेपण मान्य करण्यांत आलें. कागदांतून जें गेलें तें काठीवर चढलें. दुसरें निशाण वर गेलें तो दिवस निजामाच्या स्वामित्वाच्या वाढीचा नव्हे, तर त्याच्या शेवटच्या मोबदल्याचा होय. जुन्या दोअमलींत नांव एकाचें राहून वसूल वांटला जाई. या नव्या दोअमलींत अंमल एकाचा राहून मान वांटला गेला.

कलमाचा दोष कोणता म्हणाल तर हा कीं, त्यानें निशाणाची जागा ठरविली, पण अर्थ ठरविला नाहीं. बरोबरीनें लागलेलें निशाण निजामाच्या दृष्टीनें स्वामित्वाचें चिन्ह होतें, इंग्रजांच्या दृष्टीनें सौजन्याचें. दोघांनींही आपापला अर्थ मनांत ठेवला, आणि ज्या रयतेच्या डोक्यावर तीं दोन निशाणें फडकत होतीं तिला तिसराच अर्थ लावण्यास मोकळीक राहिली. आजचा वाद हें त्या मोकळिकीचें फळ आहे.

(५)

रयतेचा विचार आला म्हणजे तिसऱ्या ध्वजाचा उल्लेख करणें प्राप्त होतें. ज्या १९२३ सालीं निजामानें वऱ्हाड परत मागणारें पत्र लिहिलें, त्याच सालीं याच प्रांताच्या राजधानींत झेंडा सत्याग्रह चालू होता. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधून चरख्याचा झेंडा घेऊन मिरवणूक नेण्यास बंदी होती. ती मोडण्यासाठीं १ मे पासून स्वयंसेवकांच्या तुकड्या जाऊं लागल्या व तुरुंग भरले. जमनालाल बजाज पकडले गेल्यावर वल्लभभाई पटेल यांनीं सूत्रें हातीं घेतलीं, आणि १८ ऑगस्ट रोजीं झेंडा त्या रस्त्यानें गेला. हैदराबाद व सिमला यांच्यामध्यें पत्रव्यवहार एका हक्काविषयीं चालला होता व नागपूरच्या रस्त्यावर भांडण दुसऱ्याच हक्काविषयीं चाललें होतें. पहिल्या भांडणांत वऱ्हाड कोणाचें, असा प्रश्न होता. दुसऱ्यांत राज्य कोणाचें, असा. १९३६ च्या कलमानें पहिल्या प्रश्नावर दोन निशाणांची तोड काढली. दुसऱ्या प्रश्नाचें त्यांत नांवही नाहीं.

दुसऱ्या प्रश्नाचा निकाल १९४७ सालीं लागला. २२ जुलै रोजीं घटनासमितीनें अशोकचक्रांकित तिरंगा राष्ट्रध्वज म्हणून स्वीकारला. १५ ऑगस्टनंतर वऱ्हाडचा कारभार पूर्वींप्रमाणेंच मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारकडे राहिला, व तें सरकार स्वतंत्र हिंदी संघराज्याचा घटक झालें. इकडे बुलढाण्याच्या दक्षिणेस, सरहद्दीपलीकडील जालना-परभणीच्या बाजूस निजामाचा प्रत्यक्ष अंमल होता. तेथें तिरंगा उभारणें हा अपराध ठरत होता; स्वामी रामानंद तीर्थ यांस १५ ऑगस्ट १९४७ रोजींच अटक झाली, आणि त्या प्रदेशाची सुटका १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनें झाली. एक पीतवर्ण निशाण दोन्ही बाजूंस पाहावयास मिळालें म्हणून दोन्ही बाजूंचा इतिहास एक होत नाहीं. सरहद्दीपलीकडे तें निशाण तिरंग्यास मज्जाव करूं शकत होतें, अलीकडे करूं शकत नव्हतें. अंमल व मान यांतील फरक याहून स्पष्ट कसा दाखवावा ? म्हणून मराठवाड्याचा मुक्तिदिन १७ सप्टेंबर व बुलढाण्याचा स्वातंत्र्यदिन १५ ऑगस्ट हेंच यथार्थ होय; पहिल्या पक्षाचें म्हणणें येथें टिकत नाहीं. सरहद्दीपलीकडील चळवळीस अलीकडील गांवांची सहानुभूति असणें हा वेगळा व अभिमानाचा विषय आहे. त्यासाठीं जिल्ह्याची राजकीय स्थिति बदलून सांगण्याचें प्रयोजन नाहीं.

(६)

आतां संग्राहकांच्या उपयोगाच्या तीन गोष्टी. जुन्या छायाचित्रांत दोन निशाणें दिसलीं म्हणजे त्यांवरून तर्क करण्याचा मोह होतो. तो करतांना पुढील दक्षता घ्यावी.

पहिली गोष्ट, उजवी-डावी बाजू. मानाची उजवी बाजू ही निशाणाची स्वतःची उजवी, म्हणजे समोरून पाहणाराची डावी. ही गोष्ट विसरून पुष्कळ चित्रांचें वर्णन नेमकें उलट केलें जातें. शिवाय कांचेवरील छायाचित्राचा ठसा उलट बाजूनें निघाला असेल तर सगळाच क्रम पालटतो. म्हणून इमारतीवरील पाटी किंवा चित्रांतील दुसरीं कोणतींही अक्षरें सुलट आहेत कीं नाहींत हें आधीं पाहावें. इंग्रजी निशाण मागच्या बाजूनें समोरच्या प्रतिबिंबासारखेंच दिसतें, व निजामाच्या निशाणावरील मधलें पांढरें वर्तुळ, ज्यास कुलचा म्हणतात, तेंही दोहोंकडून सारखेंच. त्यामुळें खुद्द निशाणांवरून ठशाचा उलटेपणा ओळखणें कठीण आहे.

दुसरी गोष्ट, काठ्यांची उंची व निशाणांचा आकार. दोन राष्ट्रांचीं निशाणें सारख्या उंचीच्या वेगळ्या काठ्यांवर लावावींत, एकावर एक लावूं नयेत, असा सर्वमान्य प्रघात आहे. चित्रांत एक काठी उंच दिसली तर ती मुद्दाम कीं जागेच्या अडचणीनें, हें इतर साधनांवरून ठरवावें. एका चित्रावर सिद्धांत उभारूं नये.

तिसरी गोष्ट, काल. तिरंग्याचे प्रकार काल ठरविण्यास फार उपयोगी पडतात. नागपूरच्या सत्याग्रहांतील झेंड्यावर पांढरा पट्टा सर्वांत वर, मध्यें हिरवा व खालीं तांबडा असून त्यावर चरखा होता; १९३१ सालीं केशरी, पांढरा व हिरवा हा क्रम आला व मधल्या पट्ट्यावर चरखा राहिला; जुलै १९४७ नंतर चरख्याच्या जागीं अशोकचक्र आलें. उलटपक्षीं केवळ दोन राजनिशाणें एकत्र दिसतात एवढ्यावरून चित्राचें साल ठरवूं नये. त्यास लेखी आधार शोधावा.

हा लेखी आधार कोठें मिळेल ? दरबारी भाषणांत नव्हे. समारंभाचीं निमंत्रणपत्रें, मिरवणुकीचा क्रम सांगणारे कचेरीचे हुकूम, शाळांस पाठविलेलीं सूचनापत्रें आणि विशेषतः कापड, दोरी व काठ्या यांच्या खरेदीचे हिशेब, हीं खरीं साधनें होत. हिशेब लिहिणाराला कोणाचा मान वाढविण्याचें कारण नसतें. किती निशाणें, किती लांबीचीं, कोणत्या तारखेस विकत घेतलीं, एवढेंच तो लिहितो, आणि म्हणून त्याची साक्ष मोलाची. करारानंतर लवकरच मे १९३७ मध्यें सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला. त्या प्रसंगाचे बुलढाणा, मलकापूर, खामगांव, मेहकर, चिखली व जळगांव या तालुक्यांतील कागद प्रथम शोधावेत. १९०२ च्या करारापासूनचे संदर्भ पाहणारांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, खामगांव व जळगांव हे तालुके १९०५ सालीं अकोल्याकडून बुलढाण्याकडे आले. त्यापूर्वींचे त्यांचे कागद बुलढाण्याच्या दप्तरांत न मिळाल्यास निराश होऊं नये, अकोल्यास पाहावें.

आमच्या संग्राहकांची एक जुनी खोड आहे. मोडी किंवा फारसी अक्षर दिसलें कीं कागद रुमालांत बांधला जातो. इंग्रजी टंकलिखित किंवा छापील कागद दिसला कीं तो रद्दींत जातो. शिवकालीन अर्धवट पत्रासाठीं चार कोस चालणारा मनुष्य १९३७ च्या निमंत्रणपत्रास हातही लावीत नाहीं. ज्या काळाविषयीं आज वाद चालू आहे त्याचीं साधनें अशा रीतीनें आपल्या डोळ्यांदेखत नष्ट होत आहेत. देशमुख, देशपांडे, पाटील, वकील व शिक्षक यांच्या घरांतून असे कागद अजून निघण्यासारखे आहेत. घर मोडलें, वांटण्या झाल्या कीं ते जातील. सिंदखेडच्या जाधवांचा कागद जितक्या आस्थेनें उतरून घेतला जातो तितक्याच आस्थेनें हेही कागद उतरून घेतले पाहिजेत.

(७)

राष्ट्रध्वजाशेजारीं राज्याचा ध्वज लावावा कीं न लावावा, ही चर्चा आपल्या काळांतही अधूनमधून उठते, म्हणून या कलमाच्या परीक्षणापासून निघणारा बोध सांगून लेख पुरा करतों. २६ जानेवारी २००२ पासून अमलांत आलेल्या भारतीय ध्वजसंहितेंत परराष्ट्रांच्या ध्वजांबरोबर राष्ट्रध्वज कसा लावावा याचे तपशीलवार नियम आहेत. ओळींत तो आपल्या उजव्या टोकास असावा, इतरांच्या आधीं चढवावा व शेवटीं उतरवावा. भिंतीवर दोन काठ्या एकमेकींस छेदून लावल्यास तो उजवीकडे, म्हणजे पाहणाराच्या डावीकडे, असावा व त्याची काठी दुसरीच्या पुढें असावी. आणि संहितेंत सांगितलेले प्रसंग वगळून दुसरा कोणताही ध्वज त्याच्या वर किंवा बरोबरीनें लावूं नये. घटक राज्यांच्या स्वतंत्र ध्वजांसाठीं वेगळें प्रकरण मात्र तींत नाहीं. महाराष्ट्रास असा अधिकृत ध्वज नाहीं. कर्नाटक सरकारनें २०१८ सालीं पिवळा, पांढरा व तांबडा असा ध्वज ठरवून केंद्राकडे पाठविला. त्यास मान्यता मिळाली नाहीं. जम्मू-काश्मीरचा स्वतंत्र ध्वज २०१९ पर्यंत राष्ट्रध्वजाबरोबर लागत असे. पण तेथें १९५२ च्या दिल्ली करारांत हा राज्याचा ध्वज राष्ट्रध्वजाचा प्रतिस्पर्धी नव्हे, हें आधींच नमूद केलेलें होतें. त्या व्यवस्थेविषयीं कोणाचें मत कांहींही असो, ध्वजाची जागा ठरवितांना त्याचा अर्थही लिहून ठेवावा एवढी सावधगिरी तींत होती, व १९३६ च्या कलमांत ती नव्हती.

दोन निशाणें शेजारीं लावणें सोपें आहे. त्यांचें परस्परांशीं नातें काय, हें कागदावर स्पष्ट करणें अवघड. ज्यांनीं तें अवघड काम टाळलें त्यांनीं पुढच्या पिढ्यांस वाद ठेवला. बुलढाणा जिल्ह्यापुरता तो वाद मिटविण्यास आमच्या मतें उपलब्ध पुरावा पुरेसा आहे : निजामाचें स्वामित्व १९३५ पर्यंत कायद्यांत खरें होतें, कारभारांत १८५३ पासून नव्हतें, आणि १९३६ नंतर तें किताबांत, खुतब्यांत व निशाणांत उरलें. यापेक्षां अधिक किंवा उणें सिद्ध करणारा अस्सल कागद कोणाच्या संग्रहीं असेल तर त्यानें तो अवश्य प्रसिद्ध करावा. मत बदलावें लागलें तरी हरकत नाहीं, पण कागद मात्र उजेडांत यावा. इत्यलम्.